चुस्कितच्या शाळेचा रस्ता

मराठी मुलांच्या वाचनात अपंग माणूस भेटतच नाही, ही तक्रार अर्धीच खरी आहे. तो भेटतो, आणि फार जुन्या काळापासून भेटत आला आहे. मराठी गद्याच्या आरंभीच्या ग्रंथांत ज्याची गणना होते त्या महानुभावांच्या दृष्टान्तपाठात हत्ती चाचपणारे जात्यंध आहेत. ज्याच्या हाताला जो अवयव लागला, तेवढाच त्याचा हत्ती. म्हणींमध्ये आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते. वासरांत लंगडी गाय शहाणी ठरते. रामायणातली मंथरा कुबडी, महाभारतातला धृतराष्ट्र आंधळा, आणि अष्टावक्राच्या वाकड्या देहाला हसलेल्या जनकाच्या सभेला शेवटी खाली मान घालावी लागते. माणसे आहेत, पण त्यांतले कुणीच स्वतःसाठी आलेले नाही. जात्यंध येतात ते डोळसांना अपुऱ्या ज्ञानाचा धडा द्यायला. मंथरेचे कुबड तिच्या मनाचा वाकडेपणा डोळ्यांना दिसावा म्हणून. अष्टावक्रही आधी शास्त्रार्थ जिंकतो, मग माणसात गणला जातो. हत्ती पाहून झाल्यावर ते आंधळे घरी कसे गेले, वाटेत कुणी हात दिला का, घरी त्यांची वाट कोण पाहत होते, हे कुणी विचारत नाही. दृष्टान्ताला त्याची गरज नसते. मुलांच्या गोष्टीला मात्र असते, आणि आपली मुलांची गोष्ट अजून दृष्टान्तातून पुरती सुटलेली नाही.

आधुनिक काळात या पात्रांना नाव मिळाले, घरदार मिळाले. नेमून दिलेले काम फारसे बदलले नाही. जगभर वाचल्या गेलेल्या दोन जुन्या कादंबऱ्या पाहा. ‘हायडी’तली चाकाच्या खुर्चीत बसणारी क्लारा आल्प्सच्या हवेत आणि शेळीच्या दुधावर चालू लागते. १९११ सालच्या ‘द सीक्रेट गार्डन’मधला कॉलिन बागेत उभा राहतो आणि वडिलांसमोर धावत जातो. लेखिकांना या मुलांचा कळवळा होता याबद्दल शंका नाही, पण त्यांचे सुख त्यांना पायांवर उभे केल्याशिवाय कल्पिता आले नाही. आपल्याकडे २००७ साली आलेल्या ‘तारे जमीं पर’ने अध्ययन अक्षमता हा विषय घरोघरच्या बोलण्यात आणला, हे त्या चित्रपटाचे मोठेच श्रेय. तरीही त्यातल्या ईशानचे मोल शाळेला पटते ते चित्रकलेच्या स्पर्धेत तो पहिला आल्यावर. तो दुसरा आला असता तर? दहावीच्या मराठीच्या पाठ्यपुस्तकात अरुणिमा सिन्हा यांच्यावरचा पाठ आला. २०११ मध्ये धावत्या रेल्वेतून फेकले गेल्याने त्यांनी पाय गमावला आणि २०१३ मध्ये कृत्रिम पायाने एव्हरेस्ट गाठले. हा पराक्रम मुलांना कळायलाच हवा. अडचण अशी की पाठ्यपुस्तकांत एरवी ज्या शेकडो साध्या मुली शाळेत जातात, भांडतात, आंबे पाडतात, त्यांत पाय नसलेली मुलगी दिसत नाही. पाय नसलेली एकमेव मुलगी थेट शिखरावर दिसते. वर्गात कुबडी टेकून बसलेल्या मुलाच्या वाट्याला मग दोनच जागा उरतात, एक कीव करण्याची आणि दुसरी एव्हरेस्टवरची.

म्हणून अशा गोष्टींची पारख करायला एक प्रश्न पुरेसा आहे असे मला वाटते. गोष्ट संपते तेव्हा काय बदललेले असते? मूल बदललेले असते, म्हणजे बरे झालेले, जिंकलेले किंवा सगळ्यांना रडवून मेलेले, की मुलाच्या भोवतालचे काही बदललेले असते? तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ १९८१ साली जपानमध्ये प्रसिद्ध झाले आणि नॅशनल बुक ट्रस्टने काढलेल्या चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या अनुवादातून मराठी घरांत रुळले. त्यातला वाढ खुंटलेला ताकाहाशी शाळेच्या क्रीडादिनात सगळ्यांना मागे टाकतो. हाही जिंकणाराच झाला, असे कुणी म्हणेल. पण तो जिंकतो याचे कारण मुख्याध्यापक कोबायाशी यांनी खेळच असे रचलेले असतात की आखूड हातापायांच्या मुलाला त्यांत सोयीचे जावे. पोलिओ झालेल्या यासुआकीला झाडावर चढवायला तोत्तोचान शिडी ओढत आणते. झाड तेच, मुलगाही तोच. मधे एक शिडी आली. मराठी शिक्षक हे पुस्तक इतक्या प्रेमाने एकमेकांना देत आले आहेत, पण ‘आदर्श शाळा’ म्हणून त्याची वाहवा करताना शिडीचा आणि खेळाच्या नियमांचा हा बारीक मुद्दा बहुधा निसटतो.

चित्रपुस्तकांत हाच मुद्दा सर्वांत स्वच्छपणे मांडणारे पुस्तक आपल्या जवळचेच आहे. पुण्याच्या कल्पवृक्ष संस्थेत काम करणाऱ्या सुजाता पद्मनाभन यांनी लिहिलेले आणि मधुवंती अनंतराजन यांनी चितारलेले ‘चुस्कित गोज टू स्कूल’ लडाखमध्ये घडते. चुस्कितचे पाय तिला साथ देत नाहीत. तिला चाकाची खुर्ची मिळते, पण शाळेकडे जाणारी वाट खाचखळग्यांची आणि मधे ओढा. खुर्ची घराभोवतीच फिरते. अब्दुल नावाच्या मुलाला हे खटकते आणि तो मुख्याध्यापकांपर्यंत विषय नेतो. मग मुलेच वाट सपाट करतात, ओढ्यावर पूल घालतात. चुस्कित शाळेत जाते, एवढेच. ती पहिली येत नाही, भाषण करत नाही, कुणाचे डोळे पाणावत नाहीत. शेवटच्या पानावर तिचे पाय पहिल्या पानावर होते तसेच आहेत. रस्ता बदलला आहे. अपंगत्वाकडे वैद्यकीय दोष म्हणून पाहावे की समाजाने उभ्या केलेल्या अडथळ्यांचा परिणाम म्हणून, यावर अभ्यासकांनी भरपूर लिहिले आहे. सात वर्षांच्या मुलाला त्यातले जे कळायला हवे ते या पातळ पुस्तकात कळते.

हे काम चित्रपुस्तकच इतके सहज करू शकते, याला कारण आहे. लिखित गोष्टीत एखादी गोष्ट आहे असे दाखवायचे तर ती सांगावी लागते, आणि सांगितली की तिच्याकडे बोट दाखवल्यासारखे होते. ‘चाकाच्या खुर्चीतली मीना’ असे वाक्य आले की वाचणारे मूल सावध होते. आता या खुर्चीचे काहीतरी होणार. चित्रात खुर्ची नुसती असते, जशी खिडकी असते, कोपऱ्यातला माठ असतो. चेन्नईच्या तुलिका प्रकाशनाने ही ताकद नीट ओळखली आहे. मराठीसह नऊ भाषांतून पुस्तके काढणाऱ्या या संस्थेच्या ‘कॅच दॅट कॅट’मध्ये डिप डिप नावाची खोडकर मुलगी मैत्रिणीची हरवलेली मांजर शोधायला निघते. ती चाकाच्या खुर्चीत आहे, पण गोष्ट मांजरीची आहे आणि झाडावर चढण्याच्या उपद्व्यापाची. लावण्या कार्तिक आणि प्रोइती रॉय यांच्या ‘अ वॉक विथ थंबी’मध्ये मुलगा कुत्र्याबरोबर फिरायला जातो. आवाज, वास, स्पर्श यांनी भरलेली ती फेरी संपेपर्यंत मुलगा अंध आहे हे शब्द सांगत नाहीत. हातातली काठी सांगते, तीही चित्रात नीट पाहिले तर. झाई व्हिटेकर यांचे ‘कन्ना पन्ना’ मला यापेक्षा एक पायरी खाली वाटते. गुहेतले दिवे जातात, सगळे घाबरतात आणि अंध कन्ना सर्वांना बाहेर काढतो. मुलांना ही गोष्ट फार आवडावी अशीच आहे, आणि दृष्टीवाचून जगण्यातले खरे कौशल्य तीत दिसते. पण इथेही अपंग मुलाने डोळसांच्या उपयोगी पडून आपली जागा मिळवायची, ही जुनी अट मागच्या दाराने आत येते. गुहेत दिवे चालू राहिले असते तर कन्नाची गोष्ट लिहिली गेली नसती.

इथे एक भक्कम आक्षेप उभा राहतो, आणि तो पुराव्यासह येतो. अपंगत्वाचा उल्लेखच न करता गोष्ट सांगणे हे सौजन्य आहे की लपवाछपवी? २००६ साली लिंडसे कॅमेरॉन आणि ॲडम रटलंड या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी पाच ते दहा वर्षांच्या ६७ मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. अपंग आणि अपंगत्व नसलेल्या मुलांच्या मैत्रीच्या गोष्टी त्यांनी या मुलांना काही आठवडे वेगवेगळ्या तऱ्हांनी वाचून दाखवल्या. काही गटांत पात्रांच्या व्यक्तिगत आवडीनिवडींवर भर होता. एका गटात मात्र हा मुलगा अपंग आहे आणि ही त्याची मैत्रीण तशी नाही, हे स्पष्ट ठेवले होते. मुलांचे मत सर्वांत जास्त सुधारले ते या शेवटच्या गटात. म्हणजे ‘आम्ही भेद पाहतच नाही’ ही भूमिका मुलांच्या मनातला पूर्वग्रह हलवायला अपुरी पडते. मूल एका गोड पात्रावर प्रेम करते, पण शेजारच्या वर्गातल्या मुलाशी त्याचा संबंध जोडत नाही. हा निष्कर्ष माझ्या मांडणीला मुरड घालतो, आणि ती घालून घेणे भाग आहे. न बोलणारे चित्र हा एक मार्ग झाला. सगळीच पुस्तके तशी असून चालणार नाहीत. काही पुस्तकांनी सरळ बोलावे. जेम्स कॅचपोल या स्वतः एका पायाच्या लेखकाने ‘व्हॉट हॅपन्ड टू यू?’मध्ये तसेच केले आहे. मैदानातली मुले जो नावाच्या मुलाला पायाबद्दल विचारून विचारून हैराण करतात, आणि त्याला फक्त त्याचा चाच्यांचा खेळ पुढे न्यायचा असतो. पाय नाही हे तिथे लख्ख समोर आहे. रडगाणे नाही आणि शिकवणही नाही. बदलतात ती विचारणारी मुले. याउलट ‘सुझन लाफ्स’ या गाजलेल्या इंग्रजी पुस्तकात हसणारी, पोहणारी, चिडणारी सुझन शेवटच्या पानावर चाकाच्या खुर्चीत दिसते. हेतू चांगलाच, पण खुर्ची असा धक्का म्हणून राखून ठेवणे मला पटत नाही. धक्का ज्याला बसतो त्याच्यासाठीच ते पुस्तक बेतले आहे. खुर्चीत बसणारी वाचक मुलगी त्यात कुठे आली?

आता हे सगळे खानदेशात, फैजपूरच्या परिसरात आणून पाहू. फैजपूरचे नाव देशाच्या इतिहासात आले ते डिसेंबर १९३६ मध्ये इथे भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनामुळे. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. गांधींच्या आग्रहावरून शांतिनिकेतनचे नंदलाल बोस सजावटीला आले आणि बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून अधिवेशनाचे टिळकनगर उभे राहिले. कला खेडुताच्या ओळखीच्या वस्तूंतून यावी, हा त्यामागचा विचार. मुलांच्या पुस्तकांतल्या चित्रांना तोच विचार लावला तर आपल्याकडे काय आहे? लडाखची चुस्कित आहे, दक्षिणेतली गुहा आहे, इंग्रजी पुस्तकांतली खेळाची मैदाने आहेत. यावल-रावेरकडच्या केळीच्या बागा, पाण्याचे पाट, घड लादणारे ट्रक, ओटे आणि उंबरे, चोपड्याहून फैजपूर-सावद्यावरून रावेरकडे जाणारा रहदारीचा रस्ता, या सगळ्यांतून एखादे अपंग मूल शाळेत जाताना दाखवणारे चित्रपुस्तक माझ्या पाहण्यात नाही. तपशील इथे महत्त्वाचा आहे. परदेशी पुस्तकांतली चकचकीत खुर्ची आपल्या गावात क्वचित दिसते. दिसते ती हाताने फिरवायची तीनचाकी सायकल, केंद्र सरकारच्या साहित्य-उपकरण योजनेतून शिबिरात मिळालेली आणि बहुतेकदा कानपूरच्या अलिम्कोने बनवलेली. ती कच्च्या शेतरस्त्यावर पावसाळ्यात कुठे अडते, शाळेच्या पायऱ्यांपाशी कुठे उभी करून ठेवावी लागते, बसायच्या जागेखाली दप्तर कसे कोंबतात, हे चित्रकाराने बघून काढले पाहिजे. नाहीतर पुस्तकातले अपंगत्व शहरी आणि परके वाटते आणि गावातले मूल स्वतःला त्यात शोधायला जात नाही.

शिवाय चित्रकाराच्या मनातले अपंगत्वही जुने झाले आहे. अपंग म्हटले की आपल्या पिढीला कॅलिपर आणि कुबडी आठवते, कारण ती पोलिओची आठवण आहे. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त घोषित झाला. आज वर्गात बसणारी मुले वेगळी आहेत. कुणाला सेरेब्रल पाल्सी आहे, कुणी स्वमग्न आहे, कुणाच्या कानामागे यंत्र आहे, कुणाला अक्षरे जागच्या जागी राहत नाहीत असे वाटते. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस आहेत. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आदिवासींशी थेट संबंध असलेला सिकलसेल त्यांतलाच एक. २०११ च्या जनगणनेने महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६० हजार अपंग व्यक्ती मोजल्या, त्याही जुन्या आणि तोकड्या व्याख्येने. चित्रात न दिसणाऱ्या अपंगत्वाचे काय करायचे, हा चित्रकलेपुढचा खरा अवघड प्रश्न आहे. स्वमग्न मुलीला खुर्ची किंवा काठी नसते. तिथे पानाची मांडणीच बोलावी लागेल: गर्दीच्या पानावर रंग अंगावर येणारे, शांत कोपऱ्याच्या पानावर मोकळी जागा. हे मराठी चित्रकारांना न जमण्यासारखे मुळीच नाही. माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांतली घरे आणि त्यांतली माणसे किती बारीक निरीक्षणातून आली आहेत ते वाचकांना ठाऊक आहे.

व्यवहारी माणसाचा आक्षेप असा असेल की शाळेत आधी उतरण आणि स्वच्छतागृह करा, मग पुस्तकांचे बघू. कायद्याने तर सगळे दिलेच आहे: सहा ते अठरा वयाच्या, ठरावीक प्रमाणात अपंगत्व असलेल्या मुलाला जवळच्या किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि डिसेंबर २०२२ पासून राज्यात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही आहे. पुस्तक हा यापुढचा चोचला आहे का? उतरण आणि पुस्तक यांत निवड करावी लागते हेच मुळात खरे नाही. समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या ग्रंथालयासाठी दरवर्षी पाच ते वीस हजार रुपयांची वेगळी तरतूद आहे, ते पैसे बांधकामाला वळत नाहीत. आणि उतरण बांधून पुढे काय होते तेही पाहावे. तिच्यावर सायकली लावल्या जातात, खिचडीची पोती ठेवली जातात, कारण तिचा उपयोग कुणाला आहे हे कुणाच्या डोळ्यांपुढे नसते. चुस्कितच्या गोष्टीत आधी अब्दुलला खटकले, मग पूल झाला.

पैशाचा प्रश्न मात्र खराच आहे. रंगीत चित्रपुस्तक छापायला महाग, मराठीत प्रती थोड्या खपतात, आणि अपंग पात्र असलेले पुस्तक ‘विशेष मुलांसाठी’ समजून सर्वसाधारण शाळा बाजूला ठेवतात. इथे एक मार्ग खुला आहे. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेने २०१५ मध्ये स्टोरीवीव्हर हे व्यासपीठ सुरू केले. त्यावरच्या गोष्टी मुक्त परवान्याखाली आहेत, म्हणजे श्रेय देऊन त्या कुणालाही भाषांतरित करता येतात, छापता येतात. चुस्कितची गोष्टही तिथे आहे. ती लेवा बोलीत, अहिराणीत, तडवींच्या घरातल्या बोलीत आणायला कुणाची परवानगी लागणार नाही. फैजपूरला धनाजी नाना महाविद्यालय आहे, जवळच्या खिरोद्यात ललितकलेचे महाविद्यालय आहे. भाषेचे आणि चित्रकलेचे विद्यार्थी इतके जवळजवळ फार थोड्या ग्रामीण भागांत असतील. आणि जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनच्या ‘मनोबल’ प्रकल्पात अपंग तरुण-तरुणी उच्च शिक्षणाची आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करत राहतात. पुस्तकाचा कच्चा आराखडा आधी त्यांच्या हातात द्यावा. अपंगांनीच अपंगांवर लिहावे असा हट्ट मी धरणार नाही. तसे केले तर मराठीत पुढची अनेक वर्षे पुस्तकच येणार नाही. पण खुर्ची कुठून ढकलतात, काठी कोणत्या हातात असते, खाणाखुणांची भाषा बोलताना चेहरा कसा असतो, हे ठाऊक नसताना लिहिलेले पुस्तक पहिल्याच पानावर उघडे पडते.

आणि अंध मुलाचे काय? चित्रपुस्तकाची महती सांगताना त्यालाच वगळले तर सारी मांडणी लंगडी पडते, असे म्हणायचा मोह होतो, आणि पाहा, पुन्हा तीच म्हणींची सवय. उत्तर तांत्रिक आहे आणि अवघड नाही. व्हेनेझुएलाच्या मेनेना कोत्तिन आणि रोसाना फारिया यांच्या ‘द ब्लॅक बुक ऑफ कलर्स’ची पाने काळी आहेत, चित्रे उठावाची आहेत, रंगांचे वर्णन चव, वास आणि स्पर्शातून येते. त्यात डोळस मूल अडखळते आणि बोटांनी वाचणारे पुढे जाते. एनसीईआरटीने आपल्या ‘बरखा’ वाचनमालेची ब्रेल आणि स्पर्शचित्रे असलेली आवृत्ती काढली, अशासाठी की डोळस आणि अंध मुलांनी एकच पुस्तक एकत्र उघडावे. मराठीत स्वागत थोरात यांनी फेब्रुवारी २००८ मध्ये ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक सुरू करून वाचक आहे हे दाखवून दिले आहे. कॉपीराइटची आडकाठीही मोठी उरलेली नाही: अंधांसाठी पुस्तकांच्या प्रती करण्याची मुभा देणारा माराकेश करार मान्य करणारा भारत २०१४ मध्ये जगातला पहिला देश ठरला. मराठी चित्रपुस्तकांना या सोयीचा अजून फारसा उपयोग करून घेता आलेला नाही.

पुस्तक वर्गात आले तरी एक धोका राहतोच, आणि तो पुस्तकाबाहेरचा आहे. गोष्ट संपली की आपल्याकडे विचारायचा प्रश्न ठरलेला: या गोष्टीवरून तुम्ही काय शिकलात? मुलांनाही उत्तर पाठ असते, अपंगांना मदत करावी. चुस्कित पुन्हा जात्यंधांच्या रांगेत जाऊन बसते. मुलांना बोलू दिले तर ती वेगळेच विचारतात, आणि मोठी माणसे त्यांना गप्प करतात, कारण ते प्रश्न असभ्य वाटतात. ओढ्याचे पाणी वाढले तर ती घरी कशी गेली? खुर्ची पंक्चर झाली तर? शाळेत तिला लघवीला लागली तर ती कुठे जाते? यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत चांगला आहे. त्याचे उत्तर पुस्तकात सापडणार नाही. त्यासाठी वर्गाने उठून आपल्या शाळेच्या स्वच्छतागृहापर्यंत जायला हवे. दार किती रुंद आहे, उंबरा किती उंच, आत खुर्ची वळवायला जागा आहे का, धरायला दांडी आहे का, आणि कुलूप लावले असेल तर किल्ली कुणाकडे असते.